खाता येईल असं बियाणं

आमच्या घरात गहू दोन जागी असायचा. खायचा गहू माजघरातल्या पत्र्याच्या कोठीत आणि बियाण्याचा गहू मागच्या अंधाऱ्या खोलीत, शेणामातीनं लिंपलेल्या कणगीत. कोठीत कुणीही हात घालावा. कणगीचं तोंड मात्र मोठी आई, म्हणजे आमची आजीच उघडायची, वैशाखात भरताना आणि कार्तिकात काढताना. मधल्या महिन्यांत घरात पाहुणे येवोत, बारसं होवो, दिवाळीच्या करंज्यांना रवा कमी पडो, त्या खोलीकडे कुणी वळायचं नाही. चुलत्यांपैकी कुणी विषय काढलाच तर ती एवढंच म्हणायची, "ते रानाचं हाये."

आम्ही चुलत-आते भावंडं आता साठी-सत्तरीत आलोय. लग्नाकार्यात भेटलो की बोलणं फिरून त्या खोलीवर येतं आणि दर वेळी वाद होतो. नाशिकला राहणारा थोरला भाऊ म्हणतो, कणगीत कडुलिंबाचा पाला असायचा. श्रीरामपूरला दिलेली बहीण म्हणते, निरगुडीचा. तिला तो उग्र वास अजून आठवतो. धाकट्याला फक्त राख आठवते, कारण ती चाळायचं काम त्याच्याकडे होतं. नव्वदीला टेकलेली आक्का, म्हणजे आमची थोरली आत्या, सगळ्यांचं ऐकून घेते आणि म्हणते, "तिन्ही व्हतं. पर एका दिशी नव्हतं." आम्हाला लहानपणी जे एकच काम वाटायचं, ती मुळात चार-पाच कामं होती आणि वेगवेगळ्या महिन्यांत व्हायची. आक्काला मध्ये बसवून आम्ही ती एकदा क्रमानं लावून घेतली.

आमचं गाव प्रवरेच्या कालव्याखालचं. भंडारदऱ्याचं धरण 1926 साली पुरं झालं. कालव्याचं पाणी आलं तसा ऊस आला आणि 1950 साली लोणीचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. उसाच्या शेजारी गव्हाला एखादा तुकडा मिळायचा. नगर जिल्हा मुळात ज्वारी-बाजरीचा. पाथर्डी-जामखेडकडच्या सोयऱ्यांकडे गव्हाची पोळी म्हणजे सणच. आमच्याकडे पाणी असूनही रोजची भाकरी होती, आणि गहू पाहुण्यांसाठी, पुरणपोळीसाठी, उन्हाळ्यातल्या कुरडयांसाठी. पीक थोडं म्हणून बियाणंही थोडं, आणि थोडं म्हणूनच त्याची एवढी बडदास्त. ज्वारीच्या बियाण्याचे असले लाड झालेले कुणालाच आठवत नाहीत.

काम सुरू व्हायचं ते उभ्या पिकात. फाल्गुनात गहू पिवळा पडला की सोंगणीच्या आधी मोठी आई आणि नानी, म्हणजे थोरली चुलती, रानात फेरी मारायच्या. पाटाच्या कडेचा गहू त्या घेत नसत, कारण पाणी आणि खत जास्त मिळून तो उगीच पोसलेला असतो. वाफ्याच्या मधल्या, आजूबाजूला दाट पीक असूनही भरलेल्या ओंब्या त्या निवडायच्या. आमच्या थोरल्या भावानं पुढं राहुरीच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेतली. तो सांगतो की कडेची झाडं निवडीत धरायची नाहीत हा नियम त्याला दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात भेटला तेव्हा त्याला नानीच आठवली.

गहू हे स्वपरागीभवनाचं पीक. ओंबीतला दाणा आपल्याच परागानं धरतो, त्यामुळे घरचं बियाणं वर्षानुवर्षं वाण टिकवून ठेवतं. 1965 साली एचबी-1 ही संकरित बाजरी आली तेव्हा आमच्या घरी पहिल्यांदा कळलं की काही बियाणं दर वर्षी नवं विकतच आणावं लागतं. मोठ्या आईला हे कधी पटलं नाही. गव्हाच्या बाबतीत तिला ते पटवून घ्यायची गरजही नव्हती.

खळ्यावरच्या मळणीत बियाण्याच्या ओंब्या बैलांच्या पायांखाली जात नसत. त्या वेगळ्या काठीनं बडवायच्या, सुपानं पाखडायच्या, मग चैत्राच्या उन्हात चार-पाच दिवस वाळवायच्या. वाळला की नाही ते दातानं ठरायचं. दाणा दाढेखाली धरला की कट्‌ आवाज होऊन तुटला पाहिजे. चेपला तर आणखी एक ऊन. आजच्या भाषेत ओलावा बारा टक्क्यांच्या खाली. आणखी एक नियम होता, आणि तो आम्हा सगळ्यांना आठवतो कारण त्यापायी पहाटे उठावं लागे. उन्हातून काढलेला गरम गहू कधी लगेच भरायचा नाही. रात्रभर ओसरीवर निवू द्यायचा आणि सकाळी कणगीत ओतायचा. गरम दाणा कोंडला की त्याला घाम सुटतो आणि घामाबरोबर बुरशी येते.

आता पाल्याचा वाद. कणगीत असायचा तो कडुलिंबाचा, थोरल्या भावाचं बरोबर. तळाला पाल्याचा थर, वर वीतभर गहू, पुन्हा पाला, आणि सगळ्यात वर चाळलेल्या राखेचा जाड थर. पाला सावलीत वाळवलेलाच हवा, कारण हिरवा पाला घातला तर त्याच्या ओलीनंच बियाणं कुजायचं. कडुलिंबातल्या अझॅडिरॅक्टिनमुळे किडीचं खाणं आणि वाढ खुंटते, हे आता पाठ्यपुस्तकात आहे. ते पानांपेक्षा निंबोळीत कितीतरी जास्त असतं, हेही आहे. राखेचं काम निराळं. बारीक राख सोंड्यांच्या अंगावरचं मेणासारखं आवरण खरवडते आणि दाण्यांमधल्या फटी बुजवते. किड्याला हलायला जागा राहत नाही आणि अंगातलं पाणी आटून तो मरतो. मला विचाराल तर त्या कणगीत खरी मात्रा राखेची होती. कडुलिंबाला नाव मिळालं.

निरगुडी मग कुठली? कणगीच निरगुडीच्या फोकांची विणलेली असायची, तो एक वास. दुसरा वास कार्तिकातला.

मात्र कार्तिकाच्या आधी आश्विन. घटस्थापनेला पत्रावळीवर काळी माती पसरून त्यात जी धान्यं पेरत, त्यात गहू कणगीतला असायचा. त्यासाठी मोठी आई खालच्या बाजूला ठेवलेल्या छोट्या गाडग्यातून मूठभर काढायची; मुख्य तोंड उघडत नसे. दसऱ्याला ते पिवळे कोंब पुरुषांच्या टोपीत आणि आमच्या कानावर खोवले जायचे. रब्बीच्या बियाण्याची ही उगवण चाचणीच होती असं हल्ली सगळीकडे सांगितलं जातं. मला ते अर्धंच पटतं. देवापुढचं बियाणं नापास झालंय असं म्हणायची कुणाची छाती होती? आमच्या घरात घट विरळ उगवला तर उपास करणारीचं काही चुकलं असेल असा अर्थ लावत. बियाण्याला दोष जात नसे. खरी चाचणी दसऱ्यानंतर, देवाला मध्ये न आणता व्हायची. ओल्या गोणपाटाच्या तुकड्यावर शंभर दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करून चुलीपासून लांब पण उबेला ठेवायची, रोज शिंपायचं आणि पाचव्या दिवशी उलगडून मोजायचं. मोजणी आम्हा पोरांकडे. पंचाऐंशीच्या वर उगवले तर नेहमीचं बी, कमी उगवले तर पाभरीत मूठ वाढवायची. प्रमाणित गव्हाला आज उगवणीची जी किमान अट आहे, तीही 85 टक्केच. कृषी खातं दर हंगामाआधी हीच गोणपाटाची पद्धत गावोगाव शिकवतं.

दिवाळी झाली, थंडीनं अंग धरलं की पेरणी. पेरणीच्या आदल्या संध्याकाळी ओसरीवर निरगुडीचा पाला यायचा आणि श्रीरामपूरच्या बहिणीला आठवतो तो वास घरभर होई. मोठं भगुलं चुलीवर, त्यात पाणी, पाण्यात ओंजळीनं मोजलेला पाला. उकळी येऊन पाणी हिरवट-तपकिरी झालं की उतरवायचं, निववायचं, गाळायचं आणि त्यात आणखी दोन हंडे साधं पाणी ओतायचं. या शेवटच्या पाण्यावर मोठ्या आईचा कटाक्ष होता. एकदा नव्यानं लग्न होऊन आलेल्या चुलतीनं पाणी घालायचं राहून गेलेला दाट काढाच बियाण्यावर ओतला, तर मोठ्या आईनं तो गहू लगेच धुवायला लावला. "कडू जास्ती झालं की बी रुसतं," असं तिचं म्हणणं.

त्या पातळ पाण्यात गहू रात्रभर, म्हणजे दिवेलागणीपासून कोंबडा आरवेपर्यंत. वर तरंगलेले पोचट दाणे झाऱ्यानं काढून कोंबड्यांना. पहाटे पाणी निथळून गहू सावलीत गोणपाटावर पसरायचा, आणि ह्या टप्प्याला बायका फार जपायच्या. ओला गहू पाभरीच्या चाड्यात चिकटतो, नळ्यात अडकतो आणि रानात हात-हात लांब मोकळी जागा राहते. चाड्यावर मूठ धरणारी नानीच असल्यामुळे गहू किती सुकला पाहिजे हे तिला कुणी सांगायला नको होतं. दाणा मुठीतून सुटा पडला पाहिजे. पण दिवसभर तसाच ठेवूनही चालायचं नाही, मोड डोकावला की संपलं. भिजवलेला गहू त्याच दिवशी मातीत गेलाच पाहिजे. रानातला वाफसा, बैलांची जोडी आणि भगुल्यातला गहू ह्या तिन्हींची वेळ जुळवणं हे अवघड काम. आण्णा, म्हणजे आमचे आजोबा, "उद्या पेरू," असं म्हणाले तरी मोठी आई गहू भिजवण्याआधी स्वतः रानात जाऊन मातीचा गोळा वळून यायची.

सगळ्या घरांत निरगुडीच होती असं नाही. शेजारच्या मळ्यात शेणपाणी आणि गोमूत्र वापरत. सुभाष पाळेकरांमुळे आता सर्वतोमुखी झालेलं बीजामृत त्याच धाटणीचं: वीस लिटर पाणी, पाच किलो शेण, पाच लिटर गोमूत्र, पन्नास ग्रॅम चुना आणि बांधावरची मूठभर माती, शंभर किलो बियाण्याला. पलीकडच्या वस्तीवर वाळवीसाठी पाटाच्या तोंडाशी हिंगाची पुरचुंडी बांधत. ही परंपरा किती मागे जाते ते पाहायचं तर कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धान्याच्या बियाण्याला सात रात्री दव आणि दिवसा ऊन द्यायला सांगितलंय. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत तर बी दहा दिवस दुधात भिजवून तुपाच्या हातानं चोळायचं आहे. आमच्या आक्काला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "दूध-तूप पोरांना नव्हतं, गव्हाला कुठलं?"

ह्या भिजवण्यानं पीक खरंच वाढायचं का? भिजवलेल्या गव्हाची उगवण एकसारखी आणि दोन-तीन दिवस आधी यायची, हे आम्हा सगळ्यांना आठवतं. त्याचं कारण मुख्यतः पाणी. कोरडा दाणा मातीत पडला की ओल शोषण्यात त्याचे पहिले दिवस जातात. रात्रभर भिजलेला दाणा ते काम भगुल्यातच उरकून येतो. पेरणीपूर्वी बियाणं रात्रभर भिजवायची हीच साधी युक्ती संशोधकांनी नंतर भारत, पाकिस्तान आणि आफ्रिकेतल्या कोरडवाहू शेतकऱ्यांच्या रानात तपासून पाहिली आणि गव्हाला साधारण बारा तास योग्य ठरवले. दिवेलागण ते कोंबडा, हिशेब तोच. निरगुडीनं त्यात किती भर घातली? पेरल्यावर मुंग्या-वाळवी काही दिवस दूर राहत असावी, दाण्याच्या सालीवरची बुरशी थोडी आटोक्यात येत असावी. याहून मोठा दावा मी करणार नाही.

एका ठिकाणी तर पाला सपशेल हरायचा. काणी. गहू ओंबीवर आला की मध्येच एखादी ओंबी दाण्याऐवजी काळ्या भुकटीनं भरलेली निघे. बायका ती ओल्या फडक्यात धरून उपटायच्या, बांधावर नेऊन जाळायच्या आणि पुढच्या वर्षी ती पुन्हा यायची. ती येणारच होती. ही बुरशी फुलोऱ्यात शिरते आणि दाण्याच्या गर्भात झोपून राहते. बाहेरून चोळलेला कुठलाही रस, राख, पाला तिथवर पोचत नाही. ह्यावरचा उपाय पंजाबातून आला. लायलपूरच्या कृषी महाविद्यालयातले लुथरा आणि त्यांचे सहकारी यांनी 1930च्या दशकात दाखवून दिलं की ऐन उन्हाळ्यात सकाळी चार तास गहू पाण्यात भिजवला आणि मग भर दुपारच्या उन्हात पातळ पसरून खडखडीत वाळवला, तर आतली बुरशी मरते. पाण्यानं ती जागी होते आणि जागी झालेली उन्हानं मरते. आमच्याकडे हे ग्रामसेवकानं येऊन सांगितलं. मोठी आई सहसा सरकारी माणसाचं ऐकायची नाही, पण हे तिनं पहिल्याच वर्षी केलं.

तिनं हे का स्वीकारलं आणि पुढच्या कित्येक गोष्टी का नाकारल्या, याचा उलगडा आम्हाला फार उशिरा झाला. ऊन आणि पाणी. दाण्याला काहीच चिकटत नाही. पेरणीनंतर उरलेला गहू दळणात टाकता येतो.

तिच्या पिढीच्या साऱ्या बियाण्याचं सूत्र हेच होतं. पाभरीच्या चाड्यात पडेपर्यंत बियाणं हे खाण्याचं धान्य राहिलं पाहिजे. पाऊस हुलकावणी देईल, कालव्याचं आवर्तन येणार नाही, बैल पडेल, घरात दुखणं निघेल. पेरणी झालीच नाही तर तोच गहू निवडून, धुऊन, उन्हात घालून गिरणीत गेला पाहिजे. भिजवलेला उरला तर तो बैलांच्या आंबोणात. म्हणून बियाण्याला जे काही लागायचं ते चुलीतून, परसातून नाहीतर कुंपणावरून यायचं: राख, कडुलिंब, निरगुडी. त्या बायका वनस्पतींच्या गुणांच्या फार मोठ्या जाणकार होत्या असं मी म्हणणार नाही. पोटात गेलं तरी चालेल एवढ्याच वस्तूंमधून त्यांना निवड करायची होती आणि त्या निवडीत त्या तरबेज होत्या.

1972 साली ही गोष्ट कसाला लागली. त्या दुष्काळात नगर जिल्हा होरपळून निघाला. बंडिंग, पाझर तलाव, रस्ते यांची कामं निघाली, खडी फोडायला बायका-पुरुष एका रांगेत बसले, कामावर सुकडी मिळे आणि रेशनला लाल मिलो ज्वारी. कालव्याखालच्या गावांनाही झळ बसली. त्या वर्षी कणगी तिच्या हिशेबाबाहेर एकदा उघडली, आणि ती मोठ्या आईनंच उघडली. निम्मा गहू काढला, राख झटकली, पाण्यातून काढून वाळवला आणि दळला. उरलेला निम्मा पुन्हा लिंपून टाकला. पुढच्या कार्तिकात आमच्या रानात गहू होता तो त्या निम्म्यातला. आक्का हे सांगते तेव्हा आम्ही भावंडं गप्प असतो, कारण ते दळण आम्हीच खाल्लं होतं.

त्याच सुमारास, 1971 सालचा हिवाळा ते 1972, इराकमध्ये काय घडलं ते आम्ही पुष्कळ वर्षांनी वाचलं. तिथंही आधी दुष्काळ पडला होता. सरकारनं मेक्सिकोसारख्या देशांतून पारायुक्त बुरशीनाशक लावलेला गहू आणि सातू बियाणं म्हणून मागवला. दाण्याला इशाऱ्यासाठी लाल रंग होता, पोत्यांवर सूचना होत्या, पण शेतकऱ्यांना न कळणाऱ्या भाषेत. पुष्कळ ठिकाणी ते पेरणीची वेळ निघून गेल्यावर पोचलं. लोकांनी धुऊन पाहिलं, रंग गेला, विष गेलं असं वाटलं आणि त्याच्या रोट्या भाजल्या. 6,530 माणसं इस्पितळांत दाखल झाली आणि त्यातली 459 दगावली. पेरता न आलेलं बियाणं खायचं, ही त्या शेतकऱ्यांची सवय आमच्या मोठ्या आईच्या सवयीहून वेगळी नव्हती. दाणा तेवढा वेगळा होता.

पारायुक्त पुडीची शिफारस तेव्हा आपल्याकडेही होती. आमच्या गावात ती आणि गुलाबी रंगाचा गहू एकदमच आले. 1966 साली देशानं मेक्सिकोहून 18,000 टन लर्मा रोजो गव्हाचं बियाणं आणलं. त्याचा दाणा मुळातच लालसर, पोळी कुणाला आवडेना. मग कल्याण सोना आला, सोनालिका आला. सोनालिकाची पोळी चांगली व्हायची म्हणून तो घरात टिकला. नंतर गुजरातेतल्या सणोसऱ्याच्या लोकभारतीत झवेरभाई पटेलांनी काढलेला लोक-1 आला आणि महाराष्ट्रभर लोकवन होऊन बसला. ठेंगणा, न लोळणारा, खताला मानणारा हा गहू एकरी इतका देऊ लागला की जुन्या बन्सी गव्हाची आठवण काढणं म्हणजे पोट भरल्यावर भुकेचं कौतुक करण्यासारखं होतं. ते कौतुक मला करायचं नाही. आमची पिढी रोज पोळी खाऊ लागली ती त्या गव्हामुळे.

बदललं ते इतकंच की पिशवीतून आलेलं गुलाबी बियाणं माजघरात ठेवता येईना. ते गोठ्यात, खुंटीवर, पोरांच्या हाताला लागणार नाही असं राहू लागलं. ते आणायला घरातले पुरुष जायचे, दुकानदाराशी बोलायचे, पावती त्यांच्या खिशात असायची. बियाणं खाण्याजोगं राहिलं नाही तसं ते स्वयंपाकघरातून गेलं आणि बायकांच्या हातूनही गेलं. कुणी हिसकावून घेतलं नाही. मोठ्या आईनं कणगीची खोली स्वतःच रिकामी करून दिली. तिथं पुढं खताच्या गोण्या राहिल्या. नानीचा हात चाड्यावर आणखी काही वर्षं टिकला, तोही ट्रॅक्टरचं पेरणी यंत्र येईपर्यंत.

1968 साली स्थापन झालेलं महात्मा फुले कृषी विद्यापीठ आमच्या तालुक्याला लागूनच. त्याची कृषिदर्शनी दर वर्षी घरात येते. त्यात गव्हासाठी ॲझोटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंची पाकिटं सांगितलेली असतात, दहा किलो बियाण्याला प्रत्येकी अडीचशे ग्रॅम, गुळाच्या पाण्यात कालवून चोळायचं आणि सावलीत सुकवायचं. गुळाचं पाणी आणि सावली हे वाचून आक्का खूश झाली होती.

आता गाडी पुन्हा पाल्याकडे वळली आहे. शेवग्याच्या कोवळ्या पानांचा रस तीसपट पाण्यात पातळ करून त्यात गहू भिजवला, तर रोपाचा जोम आणि उशिरा पेरलेल्या गव्हाची तग धरण्याची ताकद वाढते, असे प्रयोग फैसलाबादच्या कृषी विद्यापीठात झाले आहेत. फैसलाबाद म्हणजे जुनं लायलपूर. काणीवर ऊन-पाण्याचा उपाय सांगणारं महाविद्यालयच पुढं हे विद्यापीठ झालं. शेवग्याच्या पानात झिएटिन नावाचं, पेशींच्या विभाजनाला चालना देणारं संप्रेरक भरपूर असतं, म्हणून हा परिणाम. पण महत्त्वाचा शब्द तीसपट. तोच रस दाट वापरला तर उलटही होऊ शकतं. वनस्पती आपल्या पानांतून शेजारच्या बियांना दाबून टाकणारी द्रव्यंही सोडतात. गाजरगवताचा किंवा निलगिरीचा दाट अर्क गव्हाची उगवण मारतो, हे प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा दिसलंय. मोठ्या आईचे ते दोन हंडे साधं पाणी इथं आठवतात.

दुकानात मिळणाऱ्या अर्काच्या हिरव्या बाटल्यांबद्दल म्हणून मी जरा सावध आहे. झाडपाला म्हणजे निर्धोक, आणि थोडा चांगला तर जास्त आणखी चांगला, हे दोन्ही समज त्या पिढीत नव्हते. काणीवर पाला चालत नाही हे पाहिल्यावर तिथं त्यांनी तो सोडूनही दिला.

आमच्याच जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल, भात आणि भाजीपाल्याचं गावरान बियाणं मडक्यांत, राखेत जपलं. त्यांना 2020 सालची पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आमच्या घरातल्या बायकांना जो आनंद झाला, तो ओळखीच्या कामाला सरकारदरबारी नाव मिळाल्याचा होता. पण त्या घाटमाथ्याच्या बाजूच्या. कालव्याखालच्या सधन गावांत ते काम आमच्याच काळात बंद पडलं आणि त्याची नोंद कुणी केली नाही.

तेव्हा ज्यांना यंदा गव्हाला अर्क लावून पाहायचा आहे त्यांनी जरूर पाहावा, पण पातळ लावावा आणि रानाच्या मधोमध चार ओळी साध्या पाण्यात भिजवलेल्या आणि चार ओळी कोरड्या बियाण्याच्या ठेवाव्यात. नाहीतर कशानं काय झालं ते कळायचं नाही. बागायती गहू 15 नोव्हेंबरच्या आत पेरावा, कारण पुढच्या प्रत्येक पंधरवड्याला हेक्टरी अडीच क्विंटलची घट येते असं विद्यापीठ सांगतं, आणि ती घट कुठलाही पाला भरून काढणार नाही. शिवाय ज्यांच्या घरी कणगी लिंपलेली एखादी आजी, आत्या, चुलती अजून बोलती आहे, त्यांनी तिच्याकडून पाला किती, पाणी किती आणि किती वेळ, ही मापं लिहून घ्यावीत. आमच्या आक्काला आठवली तेवढी वर दिली आहेत. तुमच्याकडची वेगळी निघाली तर जरूर कळवा.